पुलाच्या चढावरची जाळी

मंगळवार, १९ ऑक्टोबर. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी पुलाच्या चढावर शेहेचाळीस जीव होते: बसमध्ये त्रेचाळीस उतारू, एक वाहक, एक चालक आणि बसच्या पुढे सायकलवर एक बाई. सहा बावन्नला पंचेचाळीस उरले.

चालकाचे वय एक्कावन्न. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या गाडीखाली कधी कुत्रेसुद्धा आले नव्हते. डेपोत त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. त्याची गाडी फाटकातून आत वळताना दिसली की कॅन्टीनवाली भिंतीवरच्या घड्याळाकडे न पाहता किटली आचेवर चढवी. हे नाव त्याला आवडत असे, आणि ते टिकवण्यासाठी तो काय काय करतो याचा हिशेब त्याने कधी मांडला नव्हता. त्या सकाळी गाडी दोन मिनिटे मागे होती.

बाई चौतीस वर्षांची. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, लग्न केलेले नाही, घरी म्हातारे वडील. वडिलांनी उभा जन्म भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात घालवला होता. घर मुलीच्या पगारावर चाले. सायकल ती आठ महिन्यांपूर्वी शिकली होती.

चौकशी सहा आठवडे चालली. उतारू डुलक्या घेत होते किंवा फोनमध्ये डोके घालून बसले होते, आणि वाहक मागच्या दाराशी होता. पाहणारा एकटा चालकच. जे पाहिले ते त्याने सांगितले. सायकल कडेने सरळ चालली होती. अचानक बाईचा एक हात हँडलवरून सुटला, कमरेमागे हवेत दोनदा हलला, आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे आली. ‘तोल गेला’ हे शब्द त्याने वापरले, आणि वापरताना त्याला ते खरेच वाटत होते. डेपोतला अपघाताचा छापील फॉर्मही अशाच शब्दांची वाट पाहत असतो. कारणाच्या रकान्यात ‘सायकल डगमगली’ असे लिहायचे, हे नव्या चालकाला पहिल्या आठवड्यात जुने लोक सांगून टाकतात. आणखी एक गोष्ट सांगतात: डगमगणाऱ्या सायकलीच्या मागे रेंगाळायचे नाही, ती अंगावर येण्याआधी गाडी पुढे काढायची. त्याने गाडी पुढे काढली होती.

अहवालात एक वाक्य आले: ‘सायकलस्वार नवशिकी असून तिचे वाहनावर नियंत्रण नव्हते.’ बस फार जवळून गेली एवढा दोष परिवहन खात्याकडे ठेवला गेला, उरलेला मृत बाईच्या माथी गेला, आणि वडिलांची भरपाई निम्मी झाली. चालक निर्दोष सुटला आणि पुढच्या सोमवारी कामावर आला.

आला खरा, पण त्याचा पाय त्याचे ऐकेना. पुढे सायकल दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जाई आणि तिथेच राही. एका दूधवाल्याच्या सायकलीमागे त्याने भरलेली बस पाऊण किलोमीटर रांगत नेली.

“अहो ड्रायव्हर, वरात आहे का पुढे?” मागून कोणीतरी ओरडले.

“उतरून चालत गेलो तर आधी पोचू,” दुसरा म्हणाला, आणि बस हसली.

शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटे उशीर. असे पंधरा दिवस झाले, तेव्हा त्याला डेपोच्या डॉक्टरकडे पाठवले. डॉक्टर तरुण होता. त्याने रक्तदाब घेतला, झोपेबद्दल विचारले आणि पेन खाली ठेवले.

“सायकल येते तुम्हाला?”

“शाळेत असताना मैदानात दोन फेऱ्या मारल्या होत्या. तिसऱ्या फेरीला झाड आडवं आलं.”

“रस्त्यावर?”

“कधीच नाही.”

“मग चालवा. ज्या गोष्टीची भीती वाटते ती बाहेरून मोठी दिसते. आतून पाहा एकदा.” आणि त्याने कागदावर खरोखरच तसे लिहिले: चिंताविकार, उपचार म्हणून नियमित सायकल चालवावी.

चालकाची बायको शिवणाच्या कारखान्यात सदऱ्यांना कॉलर जोडण्याचे काम करी. तिने तो कागद दोन वेळा वाचला.

“एक्कावन्नाव्या वर्षी चड्डी घालून गावभर फिरणार तुम्ही?”

“डॉक्टरांनीच लिहिलंय.”

“हो, ते दिसतंय. शेजारीण विचारेल, भावोजींना काय झालंय? सांगेन, काही नाही, सकाळी उपाशीपोटी एक सायकल दिलीय.” ती हसली, पण कागद घडी करून तिने कपाटात जपून ठेवला. रात्री त्याचा पाय पांघरुणाखाली ब्रेक दाबतो, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

सायकलचे दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होते. मिस्त्री साठीचा, काटकुळा, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यांकडे पाहणारा. चालकाच्या उंचीला बसेल अशी एकच जुनी सायकल त्याच्याकडे होती. ती होती शर्यतीची: बोटभर रुंदीचे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल आणि सुपारी कातरता येईल इतकी अरुंद बैठक.

“ही माझं वजन घेईल का?”

“ही घेईल हो. तुम्ही तिचा वेग घ्याल का ते बघा,” मिस्त्री म्हणाला. “काम काय करता?”

“कचेरीत आहे,” चालक म्हणाला. असे तो का म्हणाला, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

शिकणे अपमानाचे होते, आणि त्या अपमानात त्याला थोडे बरे वाटे. बारा मीटरची बस चुलीएवढ्या जागेत वळवणाऱ्या माणसाला आता पाण्याची बाटली काढून पुन्हा जागेवर ठेवता येत नव्हती. त्या बैठकीवर बसून पहिल्या आठवड्यात अशा जागा दुखल्या, ज्यांचा उल्लेख त्याने बायकोजवळही केला नाही. तिने न विचारता खुर्चीवर उशी ठेवली. चढ लागण्याआधी गिअर उतरवायचा असतो हे त्याला चढ लागल्यावर आठवे. मिस्त्रीने पॅडलमध्ये अडकणारे बूट दिले, तेव्हा पहिल्याच सिग्नलला तो थांबला, पाय सुटला नाही, आणि तो भिंतीवरून कॅलेंडर पडावे तसा सावकाश आडवा झाला. शेजारच्या रिक्षातल्या बाईने विचारले, “लागलं का हो?” तिच्या आवाजात इतकी दया होती की त्याला उठावेसे वाटेना.

मान वळवून मागे पाहणे सर्वांत कठीण. मान ज्या बाजूला वळते, हात त्या बाजूला हँडल ओढतात, आणि सायकल आपल्या नकळत फूटभर सरकते. बसमध्ये तीन आरसे होते. इथे फक्त कान. कानांना हळूहळू ओळख पटली: ही मोटार, हा टेम्पो, ही बस. बस आली की आधी हवेची भिंत कडेकडे लोटते, आणि ती भिंत संपली की तीच हवा माणसाला चाकांकडे ओढते. ज्या दिवशी त्याला हे पहिल्यांदा कळले, त्या दिवशी ती बस त्याच्याच डेपोची होती आणि चालवणारा त्याचा मित्र होता. मित्राच्या मते त्याने पुरेशी जागा सोडली होती. वरून पाहिले की जागा नेहमी पुरेशी दिसते.

रविवारी सकाळी मिस्त्री एकेका नवशिक्याला आपल्या मागे घेऊन जाई. नियम साधा: त्याच्या मागच्या चाकावर नजर नाही, त्याच्या कमरेवर नजर. पुढचा माणूस मागच्याचे डोळे असतो, असे तो म्हणे. काच दिसली की तो बोट खाली करी, खड्डा आला की हात गोल फिरवी. पुढे बोलण्याइतका दम कोणाकडेच नसतो, म्हणून ही हातांची भाषा. चालकाला ती आवडली. रस्त्यावर कोणी कोणाची इतकी काळजी घेत असेल, हे सव्वीस वर्षांत त्याला वरून कधी दिसले नव्हते.

तिसऱ्या रविवारी मिस्त्री म्हणाला, “आज पुलाचा चढ.”

“दुसरीकडून जाऊ.”

“दोन रविवार हेच म्हणताय. भाऊ, गावात चढ एकच आहे. तो काय तुमच्यासाठी हलवायचा?”

गेले दोघे. सकाळ धुरकट होती आणि रस्ता बहुतेक रिकामा. चालकाने मान खाली घातली आणि मिस्त्रीच्या कमरेवर नजर बांधून ठेवली, म्हणजे आजूबाजूचे काही दिसू नये. चढाच्या मध्यावर मिस्त्रीचा एक हात हँडलवरून सुटला, कमरेमागे आला, तळवा रस्त्याच्या मध्याकडे दोनदा हलला, आणि त्याची सायकल हातभर बाहेर आली.

चालकाने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. पाय अडकलेलेच होते. तो कडेच्या दगडांवर कोपरावर पडला.

मिस्त्री वळून आला. “अहो, चढावर ब्रेक? चढावर ब्रेक मारणारे तुम्ही पहिलेच!”

“तो हात,” चालक म्हणाला. “तो हात कसला होता?”

“जाळीचा. ती बघा.” कडेला गटाराची लोखंडी जाळी होती. तिचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसवलेले होते, आणि दोन गजांमधली फट बोटापेक्षा जास्त रुंद होती. “आपलं चाक यात सुरीसारखं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे. म्हणून जाळीच्या आधी बाहेर यायचं. मागे कमरेशी हात हलवायचा, म्हणजे मागच्याला कळतं: कडेला अडचण आहे, मी बाहेर येतोय. तुम्हाला हा दाखवायचा राहिला होता.”

“हा सगळे करतात?”

“मी शिकवलेले सगळे करतात. एक बाई तर मागे कोणी नसलं तरी करायची. मी म्हणायचो, बाई, रिकाम्या रस्त्याला काय हात दाखवतेस? तर म्हणायची, हाताला सवय राहू दे, मिस्त्री, डोक्याचा भरवसा नाही.” तो जाळीकडे पाहत होता. “इथेच गेली ती. बसखाली. अहवालात म्हणे लिहिलंय, तोल गेला. तिचा तोल! चालत्या सायकलवर रेनकोट घालायची ती.”

चालकाच्या कोपरातून रक्त येत होते. त्याने ते पुसले नाही.

“ती बस मी चालवत होतो,” तो म्हणाला.

खालून एक टेम्पो आला आणि गेला.

“मग तुम्ही पाहिलं असेल,” मिस्त्री म्हणाला. “हात दाखवला होता तिने?”

“दाखवला होता.”

“दोनदा?”

“दोनदा.”

मिस्त्रीने सायकल उचलून उतारावर लावली आणि निघून गेला. चालक पायी सायकल ढकलत घरी आला. त्या वाटेवर त्याने मोजले, आणि आकडा पहिल्यांदाच स्वच्छ आला: हात दिसला तेव्हा बस चाळीस फुटांवर होती. ब्रेकला तेवढे पुरले असते. त्याने हाताचा अर्थ चुकीचा लावला हे खरे. पण तोल जाणारा माणूस दिसला असतानाही त्याने वेग वाढवला, हेही तितकेच खरे. डेपोची शिकवण आणि ती दोन मिनिटे, या दोहोंपैकी पायाला कोणी दाबले, हे ठरवता येत नव्हते.

बायकोने कोपर धुतले, पट्टी बांधली आणि सगळे ऐकून घेतले.

“अहो, तुम्ही जे पाहिलं तेच सांगितलंत ना? मग आता वेगळं काय पाहिलंत?”

“पाहिलं तेच. कळलं वेगळं.”

“कळण्याचा पगार मिळत नाही. नोकरीची साडेसहा वर्षं राहिलीत तुमची. जबाब बदलला तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर खोटी साक्ष दिली म्हणून खटला भरतील. माझ्या कॉलरींवर दोघं जगणार का?”

“त्या म्हाताऱ्याची निम्मी भरपाई माझ्या एका वाक्यावर अडली आहे.”

“आणि आपलं?”

ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी तो टेबलाशी कागद घेऊन बसला होता, तेव्हा तिने खांद्यावरून वाचले.

“‘मला असे वाटते’ कशाला? वाटण्याचं काय घेऊन बसलात. लिहायचंच असेल तर ‘मी पाहिले’ लिहा. आणि अक्षर नीट काढा, त्यांना निमित्त नको.”

विभागाच्या अधिकारी बाई सज्जन होत्या. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि कागद संपूर्ण वाचला.

“तुम्ही काय करताय ते तुम्हाला माहीत आहे ना? मग खरा जबाब कुठला, तेव्हाचा की हा?”

“दोन्हीत पाहिलेलं एकच आहे, बाईसाहेब. तेव्हा मला ती खूण वाचता येत नव्हती. आता येते.”

“कोणी दबाव आणला? तिच्या वडिलांना भेटलात?”

“नाही. भेटायची हिंमत झाली नाही.”

बाईंनी कागद घेतला, पोच दिली. तो निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “मी तुमचं वाईट होऊ देणार नाही.” त्यांनी शब्द पाळला, आणि नुकसान त्यातूनच झाले.

पाच आठवड्यांनी पत्र आले. अर्जदार त्या घटनेनंतर चिंताविकारावर उपचार घेत असून, सायकल चालवणे हा त्या उपचाराचाच भाग असल्याचे वैद्यकीय कागदांवरून दिसते. सबब त्या उपचारादरम्यान सुचलेला मजकूर पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही. अर्जदाराविरुद्ध कारवाईचे कारण नाही. प्रकृतीचा विचार करून त्यांना चालकाच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. पगार आणि पेन्शन कायम.

त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवले. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, एक कवळी. डेपोतले लोक येता-जाता डोकावत. “काय घड्याळ, कवळीचा मालक आला का?” तोही काहीतरी बोले. त्याचे काहीच गेले नव्हते, आणि म्हणूनच त्याला कोणापुढे दाद मागता येत नव्हती. शिक्षा झाली असती तर निदान त्याचे म्हणणे खरे मानले गेले असते.

मग एका दुपारी तो पत्राची नक्कल घेऊन त्या वडिलांकडे गेला. तिसरा मजला. खोलीत टेबलावर तिरकी फळी, तिच्यावर भिंग आणि कोरा कागद. म्हातारा हात थरथरत असूनही पेन्सिलींना टोके करून ठेवत होता.

“मी…” चालकाने सुरुवात केली.

“ओळखलं. चौकशीत तुमच्या मागच्याच बाकावर होतो. बसा.”

चालक बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळे सांगितले: जाळी, हात, मिस्त्री, अर्ज, पत्र. म्हाताऱ्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“कसा हात?” तो शेवटी म्हणाला. “दाखवा.”

चालकाने पाठ केली, हात कमरेमागे नेला आणि तळवा दोनदा हलवला.

“पुन्हा.”

त्याने पुन्हा दाखवला. वळण्याची त्याची छाती होईना.

“म्हणजे तिला येत होतं,” म्हातारा म्हणाला.

“चांगलं येत होतं.”

“तो शब्द माझा आहे, ठाऊक आहे तुम्हाला? ‘नवशिकी’. त्या चौकशीवाल्याने विचारलं, किती दिवस चालवते? मी म्हटलं, नवशिकीच आहे हो आमची. कौतुकाने म्हटलं. आठ महिन्यांत साठ किलोमीटर जायला लागली होती. पुढे तेही सांगणार होतो, तर त्याने लिहून घेऊन पान उलटलं.”

चालक वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि क्षमेचा विषय कोणीच काढला नाही. म्हाताऱ्याने त्याला खुर्ची पुढे केली आणि तिरक्या फळीवरचा कोरा कागद ओढून घेतला. चढ, जाळी, बस, सायकल, अंतर. चालक आकडे सांगत गेला, म्हातारा रेषा काढत गेला. दोन तास लागले. खाली दोघांनी सह्या केल्या.

तो नकाशा नव्या अर्जासोबत दाखल केला. एकवीस दिवसांनी तो परत आला. शेरा होता: प्रकरण बंद. दुसऱ्या अर्जावरही तोच शेरा आला. तिसरा अर्ज पाठवायचा तेव्हा म्हातारा रुग्णालयात होता. सही वाकडी आली, पण आली. त्या अर्जाला उत्तर आलेले नाही.

अहवालातले वाक्य जसे होते तसे आहे. भरपाईचा उरलेला निम्मा भाग अजून दिला गेलेला नाही.